डावीकडचा आवाज

हेनिंगच्या खेळात पात्र तयार करताना शेवटी बेरीज शून्य यावी लागे.

तो टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ होता, पण त्यात पट नव्हता आणि सोंगट्याही नव्हत्या. हेनिंग गोष्ट सांगायचा. बाकीच्या प्रत्येकाचं त्या गोष्टीत एक पात्र असायचं. आपण त्याच्या वतीनं बोलायचं, ते काय करणार हे सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. पात्राला एखादं जादा कसब हवं असेल, अंधारात दिसणं किंवा कुलपं उघडता येणं, तर त्याला पॉइंट लागत आणि पॉइंट मिळवायचे तर दोष घ्यावे लागत. पाण्याची भीती घेतली तर थोडे, लोभ घेतला तर जास्त. मी एका कानानं बहिरी झाले होते आणि त्या बदल्यात मला लांबचं स्वच्छ दिसत होतं.

हे २००६ सालचं. कायझर्सलाउटर्नला मी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना तडे कसे जातात यावर पीएच.डी. करत होते, आणि हेनिंग व आनेग्रेट यांच्याबरोबर एका वेगेमध्ये, म्हणजे तिघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहत होते. जर्मनीत रविवारी फारसं काही करता येत नाही. दुकानं बंद, ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काच टाकायच्या डब्यात टाकायच्या नाहीत. त्यामुळे दुपारची कॉफी आणि केक झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावरच खेळ सुरू व्हायचा. आमच्यातला चौथा सिद्धेश. तो गणित विभागात होता, विषय ऑप्टिमायझेशन, राहायला हॉस्टेलवर. मूळचा सांगलीचा. मी नगरची, आणि त्याच वर्षी तिथे आलेली. मराठी बोलायला मिळावं म्हणून मीच त्याला खेळात ओढलं होतं.

“तुम्ही लोक दोष चुकीचे निवडता,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला. “म्हणजे, आनेग्रेट बरोबर निवडते. पाण्याची भीती घेतली आणि आपण चाललोय डोंगरात.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” आनेग्रेट म्हणाली. “मी काय मूर्ख आहे?”

“म्हणूनच माझे दोन नियम आहेत,” हेनिंग म्हणाला. तो शाळेत शिकवायचा आणि नियम सांगताना त्याचा आवाज शाळेतला व्हायचा. “दोष त्या दिवशीच्या खेळात जाणवला नाही, तर त्याच्या बदल्यात घेतलेलं कसब गेलं. आणि आपला दोष आपण खेळायचा नाही. डावीकडे बसलेल्यानं खेळायचा. स्वतःच्या दोषाशी माणूस फार मऊ वागतो.”

सिद्धेशनं नियमांचं जाड पुस्तक मागून घेतलं, पानं उलटली आणि सगळ्यात जास्त पॉइंट देणाऱ्या दोषावर बोट ठेवलं. मेलेला सोबती. एक मेलेलं माणूस पात्राबरोबर चालतं, त्याच्याशी बोलतं, आणि दुसऱ्या कोणालाही ते ऐकू येत नाही. त्या पॉइंटांवर त्यानं सगळ्यात महाग कसब घेतलं. वाट न चुकणं. जंगलात, धुक्यात, जमिनीखाली, कुठेही असला तरी त्याच्या पात्राला घरी जायची वाट सापडणार.

“सोपं आहे,” तो माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाला. “जो दोष अंगात आधीच आहे तो घ्यायचा. मग तो फुकटात पडतो.”

मी हसले. गणितवाल्यांचे विनोद असतात तसा एक विनोद, असं मला वाटलं. त्याच्या डावीकडे मी बसले होते.

“कोण आहे तुझा मेलेला?” हेनिंगनं विचारलं.

“मोठा भाऊ.”

मेलेल्यानं बोलायचं कसं, हा प्रश्न निघाला. बाकीच्यांना ऐकू यायचं नाही, पण एकाच टेबलावर बसून न ऐकणार कसं? मग मी सुचवलं की मी मराठीत बोलते. हेनिंगला ते इतकं आवडलं की त्यानं लगेच जाहीर केलं, मी मराठीत बोलत असताना कोणी माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. माणसं कशालाही पटकन सरावतात. थोड्याच रविवारांत असं झालं की मी मराठीत तोंड उघडलं तरी आनेग्रेटची लोणी लावणारी सुरी थांबत नसे.

पहिल्यांदा बोलायची वेळ आली तेव्हा आमची पात्रं मिठाच्या एका जुन्या खाणीच्या तोंडाशी उभी होती. मला भुताला शोभेल असं काही सुचेना. सिद्धेशची सायकल मात्र खाली रस्त्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येई, आणि माझा स्वतःचा भाऊ असता तर त्यानं काय म्हटलं असतं ते मला ठाऊक होतं.

“साखळीला तेल घाल रे, शहाण्या,” मी म्हणाले. “गल्लीभर ऐकू येतं.”

सिद्धेशनं केकचा काटा खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “घालतो, दादा.”

हेनिंगनं खूश होऊन अंगठा वर केला. तेल मात्र सिद्धेशनं घातलं नाही. पुढच्या रविवारीही सायकल तशीच ओरडत आली.

त्यानंतर दर रविवारी मी काहीतरी बोलत असे. नखं खाऊ नकोस. उशी उंच घेतोस, मान धरते. कोणताही मोठा भाऊ बोलेल असंच. सिद्धेश मान खाली घालून ऐकायचा, कधी हो म्हणायचा. आमची माणसं खाणीत खोल खोल उतरत गेली आणि पुढे सिद्धेशचं पात्र चालत राहिलं, कारण बाहेर पडायची वाट फक्त त्यालाच माहीत होती.

ऑक्टोबरमध्ये एकदा मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, तो मला पाठमोरा दिसला. मी मागून म्हणाले, “काय रे, जेवलास का?”

“हो, दादा,” तो म्हणाला.

मग तो वळला. मला बघितलं. आणि जर्मनमध्ये म्हणाला की आजचं सूप घेऊ नकोस, नुसतं पाणी आहे. तेव्हापासून तो माझ्याशी जर्मनच बोलू लागला, आम्ही दोघंच असलो तरी. मला वाटलं, सराव करत असेल.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, तो यायच्या आधी, फ्लॅटमधला फोन वाजला.

“कादंबरी ना गं? सिद्धेशची आई बोलतेय, सांगलीहून. आला का तो?”

“नाही काकू, सायकलवर येतोय. पाऊस आहे इकडे.”

“बरंच झालं. तुझ्याशीच बोलायचं होतं. श्रीरंगचं वर्षश्राद्ध आलंय तोंडावर. ये म्हणून किती सांगितलं, तर प्रयोग चाललेत म्हणतो. गणितात कसले गं प्रयोग?”

“श्रीरंग कोण, काकू?”

तिकडे मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

“तुला सांगितलंच नाही त्यानं?” त्या म्हणाल्या. “थोरला माझा. कावीळ झाली आणि आठवड्यात गेला. गेल्या मार्गशीर्षात. ह्याचा पासपोर्ट तेव्हा नूतनीकरणाला टपालानं गेलेला, निघताच येईना ह्याला. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. सगळं बोलून झालं बघ. आईला सांभाळू म्हणून झालं, तुझी गाडी विकणार नाही म्हणून झालं. कावळे नुसते वर झाडावर बसलेले. मग दिनकरभावजींनी सिद्धेशला मोबाईल लावला आणि तो पिंडापाशी धरला. हा तिकडून म्हणाला, दादा, मी घरी येतोय. शिवला गं, लगेच शिवला.”

“हो, काकू.”

“शब्द दिलाय त्यानं. मला म्हातारीला सोड, पण तो पोरगा ताटकळत बसला असेल का गं तिथे?” त्यांनी नाक ओढलं. “तू सांग त्याला. तुझं ऐकतो. मला म्हणाला होता मागे, आई, कादंबरी बोलली की बरं वाटतं.”

मी फोन ठेवला. खालून सायकलचा आवाज येत होता.

आज खेळायला बसायचं आणि त्याच्या डावीकडून म्हणायचं, घरी जा. एवढंच काम होतं. तो ऐकेल याबद्दल मला शंका नव्हती. पण ते मी म्हणायचं वाक्य नव्हतं. ज्याला मी कधी बघितलं नाही, ज्याचं नावही मला आत्ता कळलं, त्याच्या तोंडी मी ते घालणार होते. आणि उद्या तेच वाक्य मी मागे घ्यायचं म्हटलं तर कोणत्या आवाजात घेणार होते?

डोकं दुखतंय म्हणून मी खेळायला नाही म्हटलं आणि सिद्धेशला घेऊन बाहेर पडले. रस्ता संपला की जंगलच सुरू होई.

“तुझ्या आईचा फोन आला होता,” मी मराठीत म्हणाले.

तो थांबला आणि माझ्या खांद्याच्या जरा वर बघत राहिला. मला तेव्हा कळलं, माझी मराठी आता त्याला दादाचीच वाटत होती. मी तेच वाक्य जर्मनमध्ये पुन्हा म्हणाले, आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं. पुढचं सगळं आम्ही जर्मनमध्येच बोललो.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले. “मी आपलं काहीही बोलत होते. सायकल, उशी.”

“तो हेच बोलायचा. आल्झो, म्हणजे सगळे भाऊ हेच बोलतात. संभाव्यता मलाही येते, कादंबरी.”

“मग तिकीट का काढत नाहीस?”

वरून जवळच्या लष्करी तळावरचं, अमेरिकनांचं एक मालवाहू विमान खूप खालून गेलं. तिथे ती सतत जात, आणि बोलणारी माणसं वाक्य अर्धवट सोडून थांबत. तोही थांबला. आवाज विरल्यावर म्हणाला, “मी येतोय असं त्याला सांगितलंय. जोपर्यंत मी जात नाही तोपर्यंत तो वाट बघतोय. मी एकदा जाऊन आलो, की मग कोण वाट बघणार?”

“काकू बघतायत.”

त्यानं बुटानं ओली पानं बाजूला सारली.

“मी आता तुझा दादा होणार नाही,” मी म्हणाले.

“मग वाट जाईल. आपण खाणीच्या तळाशी आहोत.”

“तो खेळ आहे, सिद्धेश.”

“जा,” तो म्हणाला, म्हणजे जर्मन ‘हो’. पण त्याला ते पटल्यासारखं मला वाटलं नाही.

हेनिंगशीही बोलून बघितलं. खरं कारण सांगायचा अधिकार मला नव्हता, म्हणून नुसतं म्हटलं की मला तो दोष खेळायचा कंटाळा आलाय. तो म्हणाला, सोड की, पण बेरीज शून्य हवी, दोष गेला की कसबही गेलं, आणि मग तुम्ही सगळे त्या अंधारात मरणार. बाहेर पडेपर्यंत थांब ना जरा.

आमच्या प्रयोगशाळेत यंत्राबद्दल शंका आली की पट्टी न लावताच यंत्र चालवून बघतात. काहीही नसताना ते काय दाखवतं हे आधी कळावं लागतं, नाहीतर पुढच्या मोजण्यांना अर्थ नसतो. मी ठरवलं, पुढच्या रविवारी खेळायला बसायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही. दोष जाणवणार नाही, कसब जाईल, सिद्धेश चिडेल, आणि ती गोष्ट आपोआप संपेल.

तो रविवार टोटेनझोनटाग होता, जर्मनांचा मृतांचा रविवार. आनेग्रेट सकाळीच सूचिपर्णीची माळ आणि लाल काचेतली मेणबत्ती घेऊन आजीच्या थडग्यावर जाऊन आली होती. तिची बोटं अजून गार होती. चार वाजायच्या आतच दिवा लावावा लागला.

“तीन बोगदे,” हेनिंग म्हणाला. “तुमच्याकडे एकच मशाल आहे आणि ती विझत आलीय. कोणता?”

सिद्धेश डावीकडे, माझ्याकडे वळला. मी कप दोन्ही हातांत धरून तोंड मिटून बसले होते. तो माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होता. सावकाश बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना मान कलते तशी त्याची मान कललेली होती. मध्येच त्यानं ओठ दाबले. मग मान हलवली.

“हो,” तो मराठीत म्हणाला. “हो, दादा. निघतोच.”

आणि हेनिंगकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, “उजवीकडचा.”

“छान,” हेनिंग म्हणाला. “दोष जाणवला. वाट शाबूत.”

तो आपल्या कागदांत बघत होता. आनेग्रेट केक कापत होती. मी बोलत असताना माझ्याकडे बघायचं नाही, हे दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मी बोललेच नव्हते, हे त्या खोलीत माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

“मी काही बोलले नाही,” मी म्हणाले.

ते माझ्या तोंडून मराठीत निघालं. सिद्धेशनं दादाला हो म्हणावं तशी मान डोलावली. सुरी केकमधून खाली गेली. त्या टेबलावर माझ्या भाषेत मला स्वतःची जागाच उरली नव्हती.

मी कप ठेवला आणि जर्मनमध्ये म्हणाले, “सिद्धेश. तू बोगदा निवडलास तोवर मी एक शब्दही बोलले नव्हते.”

हेनिंगनं मान वर केली. आनेग्रेटची सुरी थांबली.

“हे खरं आहे,” ती सावकाश म्हणाली. “मला तुझा आवाज नेहमी येतो, मी फक्त बघत नाही. आज तोवर आला नव्हता.”

सिद्धेशनं आमच्याकडे एकेक करून बघितलं. “मग ते कोण बोललं?”

फ्रिज गुरगुरत होता.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

भाषांतर करायला त्याला वेळ लागला. “म्हणाला, बॅग भर. मागच्या दाराची कडी बसत नाहीये. दार फुगलंय आणि आईला ते उचलून लावता येत नाही. रोज उघड्या दारानं झोपते.” तो थांबला. “एवढंच. वाट बघतोय वगैरे काही म्हणाला नाही.”

त्यानं खोडरबर घेतलं आणि आपल्या पात्राच्या कागदावरची ओळ पुसली. मेलेला सोबती. मग तिच्यासमोरची दुसरी ओळही पुसली.

“वाटही गेली, बरं का,” हेनिंग म्हणाला. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आवाज शाळेतला राहिला नव्हता. “मग बोगदा कोणता?”

“आता मलाही माहीत नाही,” सिद्धेश म्हणाला. “मला तिकीट बघायला जायचंय.”

पुढचं कोणी खेळलं नाही. हेनिंगनं कागद आणि फासे एका डब्यात ठेवले आणि तो डबा कपाटावर गेला. आमची ती माणसं अजून त्या खाणीतच असतील, विझत आलेली मशाल घेऊन.

सिद्धेश श्राद्धाच्या आधी पोचला. जाताना सायकल आमच्या तळघरात ठेवून गेला होता. तो नसताना एकदा मी खाली जाऊन साखळी पुसली आणि तिला तेल घातलं.

जानेवारीत तो परत आला तेव्हा रस्त्यावर बर्फ होता. काकूंनी माझ्यासाठी मेतकूट पाठवलं होतं. तो स्वयंपाकघरात बसून चहा प्यायला आणि मराठीत बोलत राहिला, अगदी पूर्वीसारखा, मध्ये न थांबता.

“कावळा?” मी विचारलं.

“गच्चीवर पान ठेवलं आणि जिन्यापर्यंत पोचलो नाही तोवर आला. कोणाला काही बोलायला वेळच मिळाला नाही. दिनकरकाका तर नाराजच झाले.”

“आणि दार?”

त्यानं कप फिरवला. “फुगलं होतं. सुताराकडून रंधा मारून घेतलं.”

“काकू फोनवर बोलल्या असतील तुला कधीतरी.”

“मीही तेच म्हणालो. आई म्हणते, असेन बोलले, मला आठवत नाही.” तो थोडा हसला. “तूच सांग, शक्यता किती?”

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. “आता येतो का आवाज?”

“नाही.” मग म्हणाला, “बरं आहे तसं. घर शांत आहे. आईला झोप लागते.”

तळघरातून सायकल काढून त्यानं ती रस्त्याच्या दाराशी टेकवली आणि हातमोजे विसरले म्हणून पुन्हा वर आला. ते घेऊन तो जिना उतरू लागला. त्याचं डोकं उघडं होतं.

“टोपी घाल रे,” मी दारातून म्हणाले. “बर्फ आहे बाहेर.”

तो मधल्या वळणावर थांबला. वळला नाही. एक हात कठड्यावर होता आणि मान जराशी डावीकडे कलली होती.

“कादंबरी?” त्यानं विचारलं.

माझ्या मागे स्वयंपाकघरात हेनिंग आणि आनेग्रेट संध्याकाळचा पाव खात होते. दार उघडं होतं, मी मोठ्यानंच बोलले होते, पण दोघांपैकी कोणी मान वर केली नव्हती.

“हो,” मी म्हणाले. “मीच.”

तो अजून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं टोपी घातली आणि खाली उतरून गेला. सायकलचा आवाज आला नाही. ती किती लांब गेली असेल ते मला कळेना, म्हणून मी दारात ऐकत उभी राहिले.